‘टु लूट’ या क्रियापदाची कुळकथा

इंग्रजी क्रियापदे शिकताना आमच्या विद्यार्थ्यांची जी तारांबळ उडते ती कोणाही शिक्षकाच्या चांगल्या परिचयाची आहे. ‘गेट’, ‘सेट’, ‘टेक’, ‘रन’ ही दिसावयास इवलीशी. पण एकेकाच्या पोटात अर्थांची एवढी दाटी की, कोशाची पाने उलटता उलटता विद्यार्थी जेरीस यावा. या मंडळीत एक क्रियापद मात्र असे आहे की, त्याच्यासाठी कोश उघडावा असे मराठी मुलास कधी वाटतच नाही. ते क्रियापद ‘टु लूट’ हे होय. उच्चार ओळखीचा, अर्थ ओळखीचा, मग कोशाची गरज काय? आणि नेमका येथेच घात होतो.

मागे एकदा दसऱ्याच्या सुटीनंतर आठवीच्या वर्गास आम्ही त्या सणावर इंग्रजीत दहा ओळी लिहावयास सांगितल्या होत्या. एका मुलाच्या मनात वाक्य होते ते असे: ‘सायंकाळी आम्ही शेजाऱ्यांच्या घरी गेलो, सोने लुटले आणि वडील मंडळींच्या पाया पडलो.’ मराठीत या वाक्यास नाव ठेवावयास जागा नाही. परंतु त्याने ‘वुई लूटेड गोल्ड’ असे सुवाच्य अक्षरात लिहून ठेविल्यामुळे शेजाऱ्याचे घर फोडून वर त्याच्याच पाया पडणारी एक विलक्षण टोळी आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. आम्ही शब्दाखाली तांबडी रेघ ओढली. तेव्हा मुलाने विचारले, “सर, हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच घेतला ना? मग आपण वापरला तर चूक कशी?”

प्रश्न वरवर पोरकट भासला तरी तसा तो नाही. एकच शब्द माहेरी एक बोलतो आणि परघरी दुसरे, असे का व्हावे? शिवाय या क्रियापदाच्या बाबतीत हा विचार व्याकरणापुरता राहत नाही. कोणाच्या कृत्यास ‘लूट’ म्हणावयाचे आणि कोणाच्या कृत्यास दुसरे एखादे सभ्य नाव द्यावयाचे, या प्रश्नाशी तो येऊन भिडतो. म्हणून त्याची कुळकथा थोडी विस्ताराने सांगण्याचे योजिले आहे.

इंग्रजीने हा शब्द हिंदीतून, म्हणजे त्या काळी ज्यास हिंदुस्थानी म्हणत त्या बोलीतून, उचलला याविषयी कोशकारांत वाद नाही. वाद आहे तो त्याच्या संस्कृत मुळाविषयी. यूल आणि बर्नेल या दोघा विद्वानांनी भारतातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा प्रसिद्ध कोश १८८६ साली प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी ‘लूट’ची उत्पत्ती ‘लोप्त्र’ या संस्कृत शब्दापासून दाखविली. लोप्त्र म्हणजे चोरीचा माल. अमरकोशात हा शब्द याच अर्थी दिला असून, याज्ञवल्क्यस्मृतीत चोर ओळखण्याच्या साधनांत लोप्त्राची गणना केली आहे. मूळ धातू ‘लुप्’, अर्थ तोडणे, हिसकावून घेणे. संधिप्रकरणात ज्या ‘लोपा’शी आमचे विद्यार्थी झगडतात तो याच धातूचा मुलगा. अक्षर कोणी चोरून न्यावे तसे नाहीसे होते, म्हणून लोप!

ही व्युत्पत्ती खरी असती तर फार बहार झाली असती. कारण या लुप् धातूचे सगेसोयरे युरोपात मोठ्या संख्येने नांदत आहेत. लॅटिनमध्ये त्याचा भाऊ मोडणे, फोडणे या अर्थी असून ‘रप्चर’, ‘इंटरप्ट’, ‘करप्ट’, ‘बँकरप्ट’ ही सारी त्याची लेकरे. जर्मन कुळातील शाखेतून ‘बिरीव्ह’ हे क्रियापद आले. आज ते मृत्यूने प्रियजन हिरावून नेल्यासंबंधी योजतात. त्याच शाखेतून फ्रेंचमार्गे ‘रॉब’ आले, आणि अंगावर घालावयाचा ‘रोब’ही तेथूनच आला. रोब म्हणजे मुळात शत्रूच्या अंगावरून उतरवून घेतलेले वस्त्र. पुढे कोणाचेही लांब वस्त्र. पदवीदानाच्या दिवशी आम्ही तो मोठ्या ऐटीने पांघरतो, तेव्हा हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. येणेप्रमाणे ‘लूट’ लोप्त्रापासून आला असता, तर ‘रॉब’ आणि ‘लूट’ हे हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेले दोघे भाऊ लंडनच्या बाजारात एकमेकांस भेटले असे म्हणता आले असते.

परंतु ध्वनिशास्त्र असल्या रम्य भेटी सहसा घडू देत नाही. संस्कृतातील ‘प्त’चा मराठी-हिंदीत ‘त’ होतो: सप्ताचे सात झाले, नप्तृचा नातू झाला. त्या न्यायाने लोप्त्राचे ‘लोत’ असे काहीसे व्हावयास हवे; त्यात ‘ट’ कोठून आला? या कोशाची दुसरी आवृत्ती विल्यम क्रुक यांनी १९०३ साली सिद्ध केली, तीत त्यांनी कंसात दुरुस्ती जोडली की, मूळ धातू ‘लुण्ट्’ हा असावा. लुण्ट् व त्याचा अनुनासिकरहित जोडीदार लुट् हे दोन्ही चोरणे, लुबाडणे या अर्थी संस्कृतात आहेत, आणि लुटारूस ‘लुण्टाक’ असा शब्दही आहे. क्रुक यांचा पक्षच आम्हांस ग्राह्य वाटतो. विद्यार्थ्यांनी यातून एवढे ध्यानात घ्यावे की, दोन शब्द अर्थाने आणि आवाजाने सारखे दिसले म्हणजे त्यांचे नाते सिद्ध होत नाही. एका ‘ट’ने सारी वंशावळ फिरते.

येथे एक आडवळणाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. या कृत्यासाठी इंग्रजीत शब्दांची मुळीच वाण नाही, पण त्यांतील बहुतेक सारे परभारे आणलेले आहेत. ‘पिलेज’ फ्रेंचांचा. ‘प्लंडर’ जर्मनांचा, तीस वर्षांच्या युद्धाच्या वेळी तो इंग्रजीत शिरला आणि १६४२ पासूनच्या यादवीत घरोघरी झाला, मूळ अर्थ घरातील सामानसुमान. ‘रॅन्सॅक’ उत्तरेकडील समुद्रचाच्यांच्या भाषेतला, अर्थ घर धुंडाळणे. ‘स्पॉइल’ लॅटिन, मूळ अर्थ जनावराचे सोललेले कातडे. ज्याने ज्याने इंग्रजांस लुटले किंवा ज्यास ज्यास इंग्रजांनी लुटले, त्याच्या त्याच्या भाषेतून त्यांनी शब्द उचलला असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात ‘स्पॉइल’, ‘प्रे’, ‘बूटी’ हे शब्द सापडतात. ‘लूट’ सापडत नाही, कारण तोवर तो तिकडे पोहोचलाच नव्हता. उलट मराठी पवित्र शास्त्रात अशा जागी ‘लूट’ हाच सहज शब्द आहे, आणि अलीकडच्या काही इंग्रजी भाषांतरांतही तो येऊन बसला आहे.

आता माहेरची हकिकत. मराठीत ‘चोरणे’ आणि ‘लुटणे’ ही एक नव्हेत. चोरी अंधारात, एकट्याने, मालकाच्या नकळत. लूट उघड्यावर, अनेकांनी, मालकाच्या देखत. ‘लुबाडणे’ यात कपट आहे. ‘नागवणे’ यात तर अंगावरचे वस्त्रही उरू न देण्याचा भाव आहे. ‘खंडणी’ त्याहून निराळी: ती खंडून, म्हणजे रक्कम ठरवून द्यावयाची असते, आणि ती मिळाली तर लूट टळते. मराठी फौजांच्या पत्रव्यवहारात हे भेद फार कसोशीने पाळलेले दिसतात. हल्लीच्या वृत्तपत्रांत खंडणी म्हणजे गुंडांनी व्यापाऱ्यास घातलेला धाक एवढाच अर्थ राहिला आहे, ते असो.

परंतु आमच्या ‘लुटणे’ची खरी मौज पुढेच आहे. संक्रांतीस सुवासिनी वाण लुटतात. म्हणजे काय करितात? कोणाचे हिसकावून घेत नाहीत. उलट आपल्या पदरचे वाटितात. लहान मुलाचे बोरन्हाण होते तेव्हा त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे ओततात आणि जमलेली पोरे ती लुटतात. लुटली नाहीत तर यजमानीणबाईंस वाईट वाटावयाचे. याच दिवसांत दिंडोशीच्या टेकडीवर आणि चाळींच्या गच्च्यांवर आमचे विद्यार्थी पतंग लुटण्यासाठी धावताना आम्ही प्रतिवर्षी पाहतो, व त्यांच्या गुडघ्यांची चिंता वाहतो. दोर कापला गेला की पतंगावरचा मालकाचा हक्क संपला. तो ज्याच्या हाती येईल त्याचा. यास चोरी म्हणणारा अजून कोणी भेटला नाही. आनंद लुटावा, पुण्य लुटावे, मौज लुटावी, असेही आम्ही म्हणतो, आणि त्यात कोणाचेच काही जात नाही. तेव्हा मराठीत ‘लुटणे’ यात घेणेही आहे आणि देणेही आहे. दोन्ही प्रकारांत समान भाव एकच, तो म्हणजे मुक्तहस्त आणि विपुलता.

दसऱ्याचे सोने लुटणे हे तर या दोन अर्थांच्या अगदी सांध्यावर उभे आहे. एक कथा सर्वश्रुत आहे. कौत्स नावाच्या शिष्यास गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी मोहरा हव्या होत्या. रघुराजाने कुबेरावर स्वारी योजिली. कुबेराने भिऊन आधीच सोन्याचा पाऊस पाडिला. राजा म्हणे सर्व ने, शिष्य म्हणे चौदा कोटींहून अधिक नको. येथपर्यंतचा भाग कालिदासाच्या रघुवंशातील पाचव्या सर्गात आहे. उरलेले सोने लोकांकडून लुटविले, ही लोकांनी पुढे घातलेली भर. आपट्याचे झाडही तिच्यातलेच. दुसरी उपपत्ती इतकी गोड नाही. दसऱ्यास मराठ्यांच्या फौजा सीमोल्लंघन करून मुलूखगिरीस निघत, आणि परत आलेला शिपाई बरोबर आणलेले सोनेनाणे घरच्या देवापुढे ठेवी. त्या लुटीचे स्मरण म्हणून पाने वाटावयाची. आमच्या मते दोन्ही खरी असावीत. घराबाहेर घेतलेले आणि घरात वाटलेले अशी एकाच सोन्याची ती दोन टोके आहेत. हल्ली आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्या बाजारात विकावयास येतात, आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कडेची झाडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी ओरबाडलेली दिसतात. तेथे मात्र ‘लूट’ हा शब्द इंग्रजी अर्थानेच लागू पडतो.

इंग्रजीने यातील एकच अर्धे उचलले. ते कसे, हे पाहण्याजोगे आहे.

आमचे दिंडोशी ज्या साष्टी बेटात मोडते ते १५३४ साली पोर्तुगीजांकडे, १७३७ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आणि १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला पडल्यावर इंग्रजांकडे आले. सालबाईच्या तहाने १७८२ साली ते कायमचे त्यांचे झाले. कंपनीच्या शिपायांची आणि गोऱ्या अंमलदारांची बाजारबोली हिंदुस्थानी होती, आणि साहेब लोक तीतील शब्द आपल्या बोलण्यात सर्रास मिसळीत. आज्ञार्थी रूप ऐकावयाचे आणि तेच इंग्रजी क्रियापद समजावयाचे, अशी त्यांची तऱ्हा होती. ‘पकडो’चे ‘पकरो’, ‘धमकाओ’चे ‘डमकाव’, ‘बनाओ’चे ‘बनाव’ अशी क्रियापदे त्यांनी घडविली. ती छावणीबरोबर मेली. ‘चाँपो’पासून झालेले ‘शॅम्पू’ मात्र जगले, आणि जगले ते ‘लूट’. अंग रगडणे आणि घर धुणे, भारताकडून इंग्रजीस मिळालेली घरोघर रुळलेली क्रियापदे म्हणावी तर प्रामुख्याने ही दोन, हे थोडे विचित्रच आहे.

लंडनमध्ये छापलेल्या कोशात ‘लूट’ आढळतो तो १७८८ साली, जॉन स्टॉकडेल यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘इंडियन व्होकॅब्युलरी’त. हे वर्ष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत वॉरन हेस्टिंग्ज यांच्यावरील महाभियोगाची सुनावणी लंडनला सुरू झाली. खटल्यात येणारे हिंदी शब्द सामान्य वाचकास उमगावेत म्हणून हे चोपडे निघाले, आणि त्याच्या आरंभी महाभियोगाची पद्धतीही छापलेली होती. म्हणजे आपल्याच एका गव्हर्नर-जनरलावरील आरोप समजून घेण्यासाठी इंग्रजी वाचकाने ‘लूट’ शब्दाचा अर्थ पाहिला! सात वर्षांनी, १७९५ साली, हेस्टिंग्ज निर्दोष सुटले, शब्द राहिला.

तरीही पुढे बरीच वर्षे तो इकडच्या गोऱ्यांच्या बोलीपुरताच होता. यूल व बर्नेल सांगतात की, १८४१ चे चीनचे युद्ध, १८५४-५५ चे क्रिमियाचे युद्ध आणि १८५७-५८ चा उठाव या तीन प्रसंगांत तो हळूहळू इंग्लंडात रुळला. चीनशी त्याचा संबंध एवढा दाट झाला की, अॅडमिरल स्मिथ यांनी १८६७ च्या आपल्या नाविक कोशात हा शब्द चीनमधून घेतलेला असल्याचे नमूद केले. १८६० च्या ऑक्टोबरात इंग्रज व फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा बादशाही उन्हाळी महाल लुटला. त्या लुटीत एक छोटी कुत्री सापडली. कॅप्टन डन नावाच्या अधिकाऱ्याने ती व्हिक्टोरिया राणीस नजर केली, आणि तिचे नाव ठेवण्यात आले ‘लूटी’. राजवाड्यात तिचे तैलचित्रही काढविण्यात आले. ज्या शब्दाने एखादे राष्ट्र आपल्या लाडक्या कुत्रीस हाक मारते त्या शब्दाची त्यास लाज वाटत नसावी, असे अनुमान कोणी काढले तर ते चुकीचे म्हणवणार नाही.

आता १८५८ च्या वसंत ऋतूकडे वळू. मार्च महिन्यात लखनौ पडले. लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राचे बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल तेथे हजर होते. कैसरबागेत शिपाई आरसे फोडीत, शाली व जवाहीर लुटीत हिंडत होते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि लिहिले. पुढच्याच महिन्यात झाशी पडली. तेथेही एक लिहिणारा माणूस होता. तो कोणत्याही पत्राचा बातमीदार नव्हता. कुलाबा जिल्ह्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे दक्षिणा मिळवून कर्ज फेडावे या आशेने उत्तरेस गेले आणि बंडात सापडले. शहर पडल्यावर ते एका घरात दडून बसले होते. शिपाई आले, गेले, पुन्हा दुसरे आले. आधी सोने-रुपे, मग भांडीकुंडी, मग कापडचोपड, शेवटी धान्य, अशी लुटीलाही पाळी असते हे त्यांनी पाहिले. स्वतःची कमाईही त्यांनी या प्रवासात गमावली, आणि घरी परतले ते गंगेची कावड घेऊन. त्यांनी लिहून ठेवलेला ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी तो वाचला नसेल त्यांनी अवश्य वाचावा.

रसेल आणि गोडसे यांनी एकच कृत्य एकाच ऋतूत पाहिले, आणि दोघांच्या भाषेत त्यास शब्दही एकच होता. भेद इतकाच की, रसेल दाराबाहेर उभे होते आणि गोडसे दाराआड. इंग्रजी कोशात ‘टु लूट’चा जो अर्थ आहे तो दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाने दिलेला आहे, त्यात पाहणाऱ्यास कधी किळस येते, कधी हसू येते, पण ज्याचे गेले त्याचे त्यात काही येत नाही. मराठी ‘लुटलो गेलो’, ‘नागवलो’ यांत जो कंठ दाटतो तो त्या क्रियापदास पार करता आला नाही.

शिवाय स्वतःच्या सरकारी कागदांत इंग्रज हा शब्द लिहीत नसत. तेथे ‘प्राइझ’ म्हणत. शहर हाती आले की प्राइझ एजंट नेमावयाचे, माल गोळा करून त्याचा लिलाव करावयाचा आणि आलेला पैसा हुद्द्याप्रमाणे वाटावयाचा. पेकिंगलाही जनरल होप ग्रँट यांनी लिलाव करून असेच वाटप केले. शिपायाच्या खिशात असेपर्यंत जी लूट, ती लिलावाच्या पाटावरून उतरली की प्राइझ! पेशवाई बुडाली तेव्हाचे ‘डेक्कन प्राइझ मनी’ प्रकरण तर वर्षानुवर्षे चालले. कोणत्या सैन्याचा हिस्सा किती यावर लष्करी अधिकारी भांडत होते, आणि त्या पैशाच्या विश्वस्तांत खुद्द ड्यूक ऑफ वेलिंग्टन होते. याच काळातील एका दाव्याचे नाव कायद्याच्या पुस्तकांत अद्याप निघते. पेशव्यांच्या खजिन्याशी संबंध असलेल्या नारो गोविंद औटी यांच्याकडील द्रव्य पुण्यात इंग्रजांनी जप्त केले होते. त्यांच्या वारसांच्या बाजूने मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्याविरुद्ध निकाल दिला. तो १८३० साली प्रिव्ही कौन्सिलने फिरविला. कारण असे की, ही युद्धातील जप्ती असल्यामुळे साध्या न्यायालयास तीत हात घालता येत नाही. जे कृत्य न्यायालयाबाहेर ठेवावयाचे त्यासाठी न्यायालयाबाहेरचा शब्द हवा. तो ‘प्राइझ’ने पुरविला.

एवढे म्हटल्यावर आपल्या अंगणाकडे डोळेझाक करणे बरे दिसणार नाही. शिवाजी महाराजांनी १६६४ च्या जानेवारीत व पुन्हा १६७० साली सुरत लुटली. इंग्रज इतिहासकार त्यास ‘प्लंडर’ किंवा ‘सॅक’ म्हणतात आणि आम्हीही ‘सुरतेची लूट’च म्हणतो. शब्द झाकावयाचे कारण नाही, कारण त्या लुटीस काही नियम होते. आधी खंडणी मागण्यात आली. फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो की, फादर अँब्रोझ या कॅप्युचिन धर्मगुरूच्या घरास महाराजांनी धक्का लावू दिला नाही. लुटीचा माल शिपायाने सरकारात हिशेबाने भरावा, आणि स्वारीत बायका, मुले, गाई यांस धरू नये, असा दंडक असल्याचे सभासदाच्या बखरीत आहे. ज्यांची घरे गेली त्या सुरतकरांस या नियमांनी किती समाधान वाटले असेल हा प्रश्न मात्र उरतोच, व तो विद्यार्थ्यांनी विचारावा असे आम्हांस वाटते. पुढे १७३९ साली वसई पडल्यावर तेथील चर्चांतील घंटा मराठे सरदारांनी नेऊन आपापल्या देवळांत बांधल्या. नाशिकास गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळातील घंटा प्रसिद्ध आहे. विजयाची खूण की लूट? वसईच्या माणसास विचाराल तर एक उत्तर मिळेल, नाशिकच्या माणसास विचाराल तर दुसरे. घंटेचा नाद मात्र दोघांस सारखाच ऐकू येतो.

आमच्या शेजारीच, दिंडोशीस, मुंबईच्या नगर दिवाणी व सत्र न्यायालयाची शाखा आहे. तेथे लुटीचे खटले चालतात, पण आरोपपत्रावर ‘लूट’ हा शब्द कलमाचे नाव म्हणून सापडावयाचा नाही. कायद्याने त्यासाठी दोन शब्द योजिले आहेत: ‘रॉबरी’ म्हणजे जबरी चोरी, आणि ‘डकॉइटी’ म्हणजे दरोडा. यांपैकी दुसरा पुन्हा आपल्याच ‘डाका’चा इंग्रजी अवतार. १८६० च्या दंडसंहितेने तो स्वीकारला आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या इंग्रजी पाठातही तो कायम आहे. दोहोंतील सीमारेषा मोठी गमतीची आहे. चौघांनी मिळून केली तर जबरी चोरी. पाचवा सामील झाला की दरोडा, आणि शिक्षाही जड. युद्धातील लुटीस मनाई करणाऱ्या १९०७ च्या हेग येथील करारातही ‘पिलेज’ हा शब्द आहे, ‘लूट’ नाही. कायद्यास हा शब्द नको असतो. तो फार बोलका आहे. उच्चारताच निवाडा करून मोकळा होतो.

आणि म्हणूनच वस्तुसंग्रहालयांत आज त्याच्यावरून एवढी घासाघीस चालली आहे. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे तीन वर्षांच्या उसनवारीने साताऱ्यास आली. त्यांच्या पेटीवरील इंग्रजी मजकुरानुसार ती साताऱ्याचे रेसिडेंट ग्रँट डफ यांना पेशव्यांच्या प्रधानाने दिली, म्हणजे भेट. पेशवाई नुकतीच बुडाली होती आणि ग्रँट डफ जेत्यांचे प्रतिनिधी होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या ‘दिली’ या क्रियापदाकडे थोडे निरखून पाहावेसे वाटते. २०२५ च्या एप्रिलात रघूजी भोसले यांची म्हणून ओळखली जाणारी तलवार लंडनमध्ये लिलावास निघाली. महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपयांस ती मिळविली आणि ऑगस्टात ती मुंबईस आली. पाते युरोपीय घडणीचे, त्यावर देवनागरी अक्षरे सोन्यात. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ती इंग्रजांच्या हाती गेली असावी, मग लुटीत असो वा नजराण्यात, असा जाणकारांचा तर्क आहे. तिच्याखालील पाटीवर लिहावयास इंग्रजीत तीन शब्द तयार आहेत: ‘लूटेड’, ‘गिफ्टेड’ आणि ‘परचेस्ड’. तिसरा तेवढा कागदोपत्री सिद्ध आहे. पहिल्या दोहोंपैकी कोणता, हे नागपूरच्या व लंडनच्या दप्तरांत शोधावयाचे काम अद्याप उरले आहे.